रोख मदत आणि कष्टकऱ्यांचा संसार
(राजकीय अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



गरिबाच्या हाती वस्तू न देता थेट रोख रक्कम द्यावी, हा विचार आता नवा राहिलेला नाही. १ जानेवारी २०१३ रोजी केंद्र सरकारने काही निवडक जिल्ह्यांत लाभाचे पैसे थेट बँक खात्यात जमा करण्याची पद्धत सुरू केली. त्यानंतर सरकारे बदलली, पद्धत मात्र वाढतच गेली. २०२१ मध्ये पश्चिम बंगालमध्ये 'लक्ष्मीर भांडार', २०२३ मध्ये मध्य प्रदेशात 'लाडली बहना', त्याच वर्षी कर्नाटकात 'गृहलक्ष्मी' आणि तामिळनाडूत स्त्रियांसाठी मासिक हक्करक्कम, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण'. कोणत्याही राज्यातील कोणत्याही वस्तीत आज सभा घेतली, तर 'हप्ता आला का' हा प्रश्न महागाईच्या प्रश्नाच्या आधी निघतो.

या प्रश्नावर चळवळीत दोन प्रवृत्ती दिसतात. काही कार्यकर्ते या योजनांना सरसकट लाच म्हणतात आणि पुढे बोलण्याचे टाळतात. दुसरे काही कार्यकर्ते, विशेषतः निवडणुकीच्या दिवसांत, पंधराशेला एकवीसशे आणि एकवीसशेला तीन हजार अशी चढती बोली लावण्यातच समाधान मानतात. पहिल्या प्रवृत्तीला ज्या घरात तो पैसा येतो त्या घराची माहिती नसते. दुसरीला तो पैसा कोठून काढला जातो याची फिकीर नसते. तेव्हा मुळापासून पाहिले पाहिजे की, महिन्याच्या महिन्याला ठराविक रक्कम हाती आली म्हणजे मजुराच्या घरात नेमके काय बदलते, आणि काय बदलत नाही.

याची चांगली नोंद मध्य प्रदेशात झालेली आहे. २०११ च्या जूनपासून सुमारे दीड वर्ष इंदूर जिल्ह्यातील आठ गावांत 'सेवा' या स्त्री-कामगारांच्या संघटनेने युनिसेफच्या पैशाने एक प्रयोग केला. गावातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला दरमहा २०० रुपये आणि प्रत्येक मुलामागे १०० रुपये देण्यात आले. वर्षभरानंतर हे आकडे ३०० आणि १५० करण्यात आले. मुलांचे पैसे आईच्या हाती दिले जात. याखेरीज एका भिल्ल आदिवासी गावात २०१२ पासून वर्षभर असाच प्रयोग झाला. कोणतीही अट नव्हती. शाळेची हजेरी दाखवा, दवाखान्याचा कागद आणा, दारिद्र्यरेषेखालचे कार्ड दाखवा, असे काही विचारले गेले नाही. गावात राहणाऱ्या सर्वांना पैसे मिळाले, आणि पैसे न मिळालेल्या शेजारच्या गावांशी तुलना करण्यात आली. एकूण सुमारे सहा हजार माणसे यात होती.

दोन प्रौढ आणि तीन मुले असलेल्या घराचा हिशोब मांडला, तर प्रथम महिन्याला ७०० आणि पुढे १,०५० रुपये होतात. ही काही संसार चालविणारी रक्कम नव्हे. त्या काळातही एवढ्यावर पाच माणसांचे पोट भरणे शक्य नव्हते. तरीही बदल झाले, आणि ते कोठे झाले हे लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे.

खेड्यातील मजुराचे दारिद्र्य केवळ कमी मिळकतीचे नसते, ते अनियमित मिळकतीचे असते. पेरणीत आणि कापणीत चार पैसे येतात, मधल्या महिन्यांत काहीच येत नाही. ज्या आठवड्यात काम नाही त्या आठवड्यात तेल, मीठ, तिखट दुकानदाराकडून उधारीवर येते, आणि उधारीच्या मालाचा भाव रोखीच्या भावापेक्षा नेहमीच चढा असतो. मूल आजारी पडले की सावकाराच्या किंवा मोठ्या शेतकऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. तेथे मिळालेल्या पैशाची परतफेड पुढच्या हंगामातील श्रमाने, आणि तीही कमी दराने होते. म्हणजे हंगाम सुरू होण्याआधीच श्रम विकले गेलेले असतात. या साखळीत शंभर-दोनशे रुपयांचा एखादा दुवा निखळला, तरी पुढच्या बऱ्याच गोष्टी हलतात. इंदूर जिल्ह्यातील गावांत हेच दिसले. पैसे मिळणाऱ्या कुटुंबांत जुने कर्ज फेडण्याचे, नवे कर्ज टाळण्याचे आणि थोडीबहुत बचत करण्याचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा अधिक होते. त्या भागात सालगड्याची जुनी पद्धत आहे. कर्जापोटी माणूस वर्षाच्या करारावर मालकाकडे बांधला जातो. काही कुटुंबांनी या पैशाचा उपयोग त्या बांधिलकीतून आपला माणूस सोडवून आणण्यासाठी केला.

ताटातही फरक पडला. आदिवासी गावात डाळ, भाजी, अंडी यांचे प्रमाण वाढले. लहान मुलांच्या वजनात, त्यातही मुलींच्या वजनात, सुधारणा नोंदली गेली. मुलींच्या बाबतीत ही सुधारणा अधिक ठळक असावी, यात नवल नाही. अन्न कमी असते तेव्हा घरात पहिला घास कोणाचा राखला जातो आणि कोणाचा तोडला जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. औषध अर्धवट सोडून देण्याचे प्रमाण घटले. काही घरांनी छपरे दुरुस्त केली, काहींनी शौचालये बांधली, काहींनी शेळ्या-कोंबड्या घेतल्या. अल्पभूधारकांनी बियाणे आणि खत वेळेवर घेतले. मोठ्या मुली शाळेत टिकण्याचे प्रमाण वाढले.

आणि ज्या गोष्टीची भीती शहरातील सुशिक्षित माणसे हटकून बोलून दाखवतात ती गोष्ट घडली नाही. दारूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. माणसे आळशी झाली नाहीत, उलट प्रौढांचे काम वाढले. मात्र कामाचे स्वरूप बदलले. दुसऱ्याच्या शेतावरील मजुरी थोडी कमी झाली आणि स्वतःच्या तुकड्यावरील, स्वतःच्या शिवणयंत्रावरील किंवा जनावरांवरील काम वाढले. गरिबाला पैसा दिला की तो बिघडतो, हा सिद्धांत ज्यांना वारसाहक्काने संपत्ती मिळाली आहे त्यांच्याबाबत कोणी मांडत नाही, हे येथे सहज नमूद करावेसे आहे.

हा प्रयोग करणाऱ्यांनी त्यातून जो निष्कर्ष काढला तो मात्र जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही. त्यांच्यापैकी गाय स्टँडिंग हे अर्थशास्त्रज्ञ सर्वांना मूलभूत उत्पन्न द्यावे या मताचे जुने पुरस्कर्ते आहेत. तपासणारा आणि पुरस्कार करणारा एकच असला की आकड्यांकडे सावधपणे पाहावे लागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या गावांतील रेशनचे दुकान बंद केलेले नव्हते. शाळा, अंगणवाडी, रोजगार हमीची कामे जशी होती तशीच होती. पैसा त्यांच्या जोडीला आला होता, त्यांच्या बदल्यात नव्हे. दिल्लीतील धोरणकर्त्यांनी या प्रयोगाचे दाखले देताना नेमके हेच वगळले.

आता एक जुना आक्षेप घेऊ. सरकार पैसे देऊ लागले की मालक मजुरी कमी करतात, असे म्हटले जाते. या आक्षेपाला इतिहासात आधार आहे. १७९५ च्या मे महिन्यात इंग्लंडमधील बर्कशायर परगण्याचे दंडाधिकारी स्पीनहॅमलँड येथे जमले. युद्ध चालू होते, पीक बुडाले होते, पावाची किंमत भडकली होती. पावाच्या भावानुसार आणि कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार मजुराला किती उत्पन्न असावे याचे कोष्टक त्यांनी बनविले. मजुरी त्याहून कमी पडली तर उरलेली रक्कम गावच्या दारिद्र्यनिधीतून द्यावयाची असे ठरले. परिणाम असा झाला की मोठ्या शेतकऱ्याला मजुरी वाढविण्याचे कारणच उरले नाही. त्याने अर्धी मजुरी दिली तरी उरलेली अर्धी गाव देणार होते. मार्क्सने 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्या खंडात या व्यवहाराची दखल घेतली आहे. मजुरीचा काही भाग दानधर्माच्या नावाखाली देऊन जमीनदार आणि शेतकरी यांनी मजुरी निर्वाहाच्याही खाली कशी नेली, हे त्याने दाखविले.

परंतु हा दाखला वापरताना एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. बर्कशायरमध्ये मदत मजुरीशी बांधलेली होती. मजुरी घटली की मदत वाढे आणि मजुरी वाढली की मदत घटे. अशा व्यवस्थेत फायदा मालकालाच होणार. इंदूर जिल्ह्यातील गावांत रक्कम ठराविक होती. मजुरी कितीही मिळाली तरी ती तेवढीच येई. म्हणून तेथे मजुराला थोडे थांबता आले. दुसऱ्या दिवशी चूल पेटणार की नाही या चिंतेत असलेला मनुष्य पडेल त्या दराने कामाला जातो. घरात आठवडाभराचे धान्य असलेला मनुष्य निदान दर विचारतो. ज्या गावात शेतमजुरांची संघटना आहे तेथे या थांबण्याच्या ताकदीचे रूपांतर मजुरीवाढीच्या मागणीत होऊ शकते. संघटना नाही तेथे तीच ताकद किराणा दुकानाच्या वहीत विरून जाते. रोख मदतीने मजुरी वाढते की घटते, या प्रश्नाचे उत्तर केवळ योजनेच्या कागदावर सापडणार नाही, ते गावातील वर्गशक्तींच्या तोलावर अवलंबून आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, आणि ही बाजू पक्षाच्या प्रत्येक कार्यकर्त्याने तपशिलासह माहीत करून घेतली पाहिजे. झारखंडमध्ये रांची जिल्ह्यात नगडी नावाचा तालुकावजा गट आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये, म्हणजे त्याच राज्यातील सिमडेगा जिल्ह्यात भूकबळीची बातमी देशभर गाजत होती त्याच महिन्यात, झारखंड सरकारने नगडीत रेशनच्या धान्याऐवजी रोख रक्कम देण्याचा प्रयोग सुरू केला. तोपर्यंत तेथे रेशन दुकानात तांदूळ १ रुपया किलोने मिळत होता. नव्या पद्धतीत तोच तांदूळ, त्याच दुकानात, सुमारे ३२ रुपये किलोने विकत घ्यावयाचा आणि फरकाची रक्कम बँकेत जमा होईल ती काढून आणावयाची, असे ठरले.

पाच माणसांच्या कुटुंबाला माणशी पाच किलोप्रमाणे २५ किलो तांदूळ मिळतो. पूर्वी त्यासाठी २५ रुपये लागत. आता ८०० रुपये आधी हाती असावे लागले. अंत्योदय कार्डावर ३५ किलो घेणाऱ्या विधवेला ३५ रुपयांऐवजी ११२० रुपये मोजावे लागले. पैसे खात्यात येतील असे सरकार सांगत होते. आले की नाही हे पाहण्यासाठी बँकेत जावयाचे. बँक गावापासून दूर, तेथे रांग. बँकेचा कारकून एवढ्या लहान रकमा देण्यास नाखूष, म्हणून तो गिऱ्हाइकाला सेवा केंद्राकडे पाठवणार. सेवा केंद्रात बोटाचा ठसा उमटला आणि यंत्राला जोडणी मिळाली तर पैसे मिळणार. मग ते घेऊन रेशन दुकानात जावयाचे, आणि तेथे पुन्हा ठसा द्यावयाचा. घरात दोन-तीन खाती असतील, तर पैसा कोणत्या खात्यात पडला हे कळण्यासाठी प्रत्येक पासबुक घेऊन फिरावयाचे.

अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्यासोबतच्या विद्यार्थ्यांनी २०१८ च्या आरंभी तेथे घरोघरी पाहणी केली. महिन्याचे धान्य घरी आणण्यासाठी या सर्व फेऱ्यांत सरासरी बारा तास जात असल्याचे त्यांना आढळले. चार महिन्यांच्या चार हप्त्यांपैकी कुटुंबांना सरासरी दोनच्या आसपास हप्ते मिळाले होते. विचारलेल्यांपैकी ९७ टक्के लोकांनी ही पद्धत नको असे सांगितले. बारा तास म्हणजे मजुराचा दीड दिवस. त्या दीड दिवसाची मजुरी कोणत्याही सरकारी हिशोबात धरलेली नाही. सरकारच्या लेखी गळती थांबली होती. प्रत्यक्षात जी गळती पूर्वी धान्याच्या पोत्यातून होई, ती आता मजुराच्या दिवसातून होऊ लागली.

२६ फेब्रुवारी २०१८ रोजी नगडीतील हजारो स्त्रीपुरुष रांचीपर्यंत चालत गेले. त्यांत वृद्ध होते, कडेवर मुले घेतलेल्या स्त्रिया होत्या. डाव्या पक्षांचे कार्यकर्ते आणि अन्न अधिकाराच्या चळवळीतील माणसे त्यांच्यासोबत होती. मागणी एकच, धान्य धान्याच्या रूपात द्या. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारला हा प्रयोग मागे घ्यावा लागला. चंडीगड आणि पुदुच्चेरी येथे सप्टेंबर २०१५ पासून रेशनच्या जागी रोख रक्कम आणण्यात आली तेव्हा एवढा संघटित विरोध उभा राहिला नव्हता, हा फरक विसरता कामा नये.

इंदूर आणि नगडी या दोन्ही ठिकाणी पैसाच दिला गेला. एका ठिकाणी माणसे सुखावली आणि दुसऱ्या ठिकाणी रस्त्यावर आली. पहिल्या ठिकाणी पैसा अन्नसुरक्षेवर वरून आला आणि सुरुवातीचे महिने तर हातात मोजून दिला गेला. दुसऱ्या ठिकाणी पैसा अन्नसुरक्षा काढून घेऊन आला आणि तोही अनेक दारांतून. शिवाय धान्याचे माप महागाईने घटत नाही. पाच किलो म्हणजे दहा वर्षांनीही पाच किलोच. रुपयाचे तसे नाही. केंद्र सरकारच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वर्षे वयाच्या व्यक्तीसाठी केंद्राचा हिस्सा २००७ पासून दरमहा २०० रुपयेच आहे. दिवसाला सात रुपयेही होत नाहीत. कागदोपत्री योजना जिवंत असते, पण तिच्यातील जीव महागाई शोषून घेत असते. रेशनऐवजी रोख घ्या, असे सांगणाऱ्याला विचारण्याचा पहिला प्रश्न हाच आहे की रक्कम बाजारभावाशी बांधलेली आहे काय?

करोनाच्या साथीत एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत स्त्रियांच्या जनधन खात्यांत दरमहा ५०० रुपये जमा झाले. त्याच काळात कार्डधारकांना माणशी पाच किलो धान्य फुकट मिळाले. ज्यांनी ते दिवस वस्त्यांत काढले आहेत त्यांना विचारावे, कशाने माणसे जगली. मुंबई, सुरत, हैदराबादहून पायी निघालेल्या मजुरांचे रेशनकार्ड गावी होते आणि काम शहरात बुडाले होते. त्यांच्यापर्यंत यांपैकी बहुतेक काही पोचले नाही.

महाराष्ट्रातील योजनेकडे आता पाहावयास हवे, कारण तिचा गाजावाजा सर्व देशात झाला आहे. जून २०२४ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीचा निकाल लागला. राज्यात सत्ताधारी आघाडीला ४८ पैकी १७ जागा मिळाल्या. त्याच महिन्याच्या २८ तारखेस अर्थसंकल्पात 'लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, वार्षिक अडीच लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबातील स्त्रीला दरमहा १५०० रुपये देण्याचे ठरले. पहिले दोन हप्ते रक्षाबंधनाच्या सुमारास एकदम पडले, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे हप्ते विधानसभेच्या मतदानाआधी एकत्र पडले, आणि प्रचारात २१०० रुपयांचे आश्वासन देण्यात आले. निवडणूक जिंकल्यानंतर अर्जांची छाननी सुरू झाली. २०२५ मध्ये लाखो नावे अपात्र ठरविण्यात आली. त्यांत पुरुषांच्या नावे गेलेली खातीही सापडली. शेतकरी सन्मानाच्या योजनांतून महिना हजार रुपये मिळणाऱ्या स्त्रियांना येथून फक्त ५०० रुपये मिळू लागले. २०२४-२५ साठी योजनेला ४६,००० कोटी रुपयांची तरतूद होती, पुढील वर्षी ती ३६,००० कोटींवर आली. आणि २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचा निधी या योजनेकडे वळविला गेला, तेव्हा त्या सरकारमधील सामाजिक न्यायमंत्र्यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. म्हणजे दलित मुलीच्या वसतिगृहाचे पैसे काढून तिच्या आईच्या खात्यात टाकावयाचे, आणि दोन्ही वेळा उपकार मोजावयाचे!

योजनेच्या नावातच राजकारण आहे. तामिळनाडूने आपल्या योजनेच्या नावात 'हक्काची रक्कम' हे शब्द ठेवले. महाराष्ट्रात भावाने बहिणीला घातलेली ओवाळणी अशी भाषा वापरली गेली. भावाच्या ओवाळणीबद्दल बहीण दाद मागू शकत नाही, आणि भावाची मर्जी फिरली तर तिला विचारावयाची सोय नाही. छाननीत नाव कापले गेलेल्या स्त्रीला दाद मागण्याची कायदेशीर जागा कोठे आहे, हा प्रश्न भाषेच्या या गोडव्याखाली झाकला जातो.

असे असूनही या पैशाला घरात जागा आहे, हे नाकारणे म्हणजे डोळे मिटून घेणे होय. दिवसाला ५० रुपये. जिच्या नावावर जमीन नाही, घर नाही, जिची मजुरी नवऱ्याच्या मजुरीत मिसळून जाते, तिच्या नावाने पहिल्यांदा काही येऊ लागले. औषधाची चिठ्ठी आता खिशात पडून राहत नाही, मुलीच्या एस.टी.च्या पाससाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही, बचतगटाचा हप्ता चुकत नाही. पण याच वाटेवर बँक उभी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पहिले हप्ते पडताच काही बँकांनी किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड आणि जुनी थकबाकी म्हणून त्यातून पैसे कापून घेतल्याच्या तक्रारी आल्या आणि सरकारला बँकांना समज द्यावी लागली.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांचे उदाहरण घेतले, तर या मदतीची मर्यादा स्पष्ट होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल पन्नास हजारांपासून लाखापर्यंत आणि त्याहूनही अधिक असते. वर्षाकाठी १८,००० रुपये मिळाल्याने ती उचल फिटत नाही, आणि दिवाळीच्या सुमारास बैलगाडी किंवा ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या रस्त्याला लागतोच. इंदूर जिल्ह्यात ज्या लहान कर्जातून माणूस सुटला ते कर्ज आणि साखर कारखान्याच्या तोडणी व्यवस्थेने बांधलेले कर्ज यांच्या आकारातच जमीन-अस्मानाचा फरक आहे. तोडणीचा दर, मुकादमी पद्धत आणि कामगार म्हणून नोंदणी हे प्रश्न सुटल्याशिवाय तेथे रोख मदत केवळ किराण्याची उधारी कमी करील. तेही थोडे नाही, पण तेवढेच.

जमिनीच्या मालकीचा प्रश्नही असाच बाजूला सारला जातो. केंद्राच्या किसान सन्मान योजनेत डिसेंबर २०१८ पासून वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत दिले जातात. पण ते ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला. बटाईने कसणारा आणि शेतमजूर यांना त्यात जागा नाही. आंध्रातील कुळ किंवा बिहारचा बटाईदार नांगर धरतो आणि पैसा शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात पडतो. गरिबांना रोख मदत या नावाखाली मालमत्तेला दिलेला हा भत्ता आहे.

डाव्या सरकारांनी काय केले, असा प्रश्न कार्यकर्त्यांना विचारला जातो. त्याचे उत्तर लपविण्याजोगे नाही आणि फुगविण्याजोगेही नाही. केरळात १९८० मध्ये कॉ. ई. के. नायनार यांच्या सरकारने शेतमजुरांसाठी दरमहा ४५ रुपयांचे निवृत्तिवेतन सुरू केले. त्याआधी १९७४ मध्ये त्या राज्यात शेतमजुरांचा कायदा झाला होता, आणि त्यामागे अनेक वर्षांचे लढे होते. वृद्ध मजूर हा गावचा भिकारी नसून आयुष्यभर संपत्ती निर्माण केलेला कामगार आहे, ही भूमिका त्या ४५ रुपयांमागे होती. २०२१ मध्ये केरळातील सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतन १,६०० रुपयांवर गेले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते २,००० रुपये करण्याची घोषणा झाली. ज्यांना बँकेत जाणे शक्य नाही अशा वृद्धांना सहकारी पतसंस्थांचे कर्मचारी घरी जाऊन रक्कम देतात. नगडीतील बारा तास येथे आठवावेत. परंतु २०२३-२४ मध्ये याच राज्यात निवृत्तिवेतनाचे कित्येक महिन्यांचे हप्ते थकले. केंद्राने राज्याच्या कर्ज उभारणीवर घातलेली बंधने हे त्याचे मोठे कारण होते. कारण खरे असले तरी ज्या वृद्धेला पैसे मिळाले नाहीत तिच्यापुढे ते कारण घेऊन जाणे सोपे नव्हते, आणि डाव्या आघाडीला त्याची किंमत मोजावी लागली.

रोजगाराच्या हक्काचेही असेच झाले आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील कष्टकऱ्यांच्या रेट्याने रोजगार हमीचे काम वाढले, १९७७ मध्ये राज्याने कायदा केला, आणि २००५ मध्ये डाव्यांच्या दबावाखाली देशाचा कायदा झाला. काम मागणे हा त्यात हक्क होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याची जागा घेणारा दुसरा कायदा संमत केला. त्यात दिवसांची संख्या कागदावर १२५ झाली, पण बहुतेक राज्यांच्या माथी खर्चाचा ४० टक्के भार टाकण्यात आला. एकीकडे काम मागण्याचा हक्क पातळ करावयाचा आणि दुसरीकडे सणाला हप्ता पाठवावयाचा, ही दोन स्वतंत्र धोरणे नव्हेत.

तेव्हा शाखांपुढील काम असे आहे. मिळणारी रोख मदत थांबवा, अशी मागणी कोणत्याही ठिकाणी करावयाची नाही. ती कायद्याने बांधलेली, महागाईशी जोडलेली, छाननीत नाव कापल्यास लेखी कारण आणि दाद मागण्याची मुदत देणारी असावी, ही मागणी करावयाची. रेशन, शाळा, आरोग्यकेंद्र आणि अनुसूचित जाती-जमातींचा निधी यांच्या बदल्यात ती येत असेल तेथे विरोध करावयाचा, आणि तो नगडीप्रमाणे लोकांच्या स्वतःच्या अनुभवावर उभा करावयाचा. त्यासाठी येत्या काही महिन्यांत प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील निदान पंचवीस घरांची नोंद घ्यावी. हप्ता कोणत्या तारखेला आला, किती आला, खात्यातून किती कापला गेला, तो हाती येण्यासाठी किती फेऱ्या झाल्या आणि किती मजुरी बुडाली, तो कशावर खर्च झाला, त्या महिन्यात दुकानदाराची उधारी किती राहिली, आणि गावात बाईमाणसाच्या मजुरीचा दर गेल्या हंगामात काय होता व या हंगामात काय आहे. शेतमजूर युनियन आणि महिला संघटना यांच्या शाखांनी या नोंदी एकत्र घ्याव्यात, म्हणजे तेच घर दोनदा मोजले जाणार नाही. भरलेली पत्रके जिल्हा समितीकडे पाठवावीत. तेथून राज्यवार एकत्रीकरण होईल.